पोलिस ठाण्यासाठी नागरिक सल्लागार समिती: अर्ज कुणाकडे, सदस्य कोण, कागद कोणते

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पोलिस आणि नागरिक समोरासमोर बसतात ते बहुतेक वेळा शांतता समितीच्या बैठकीत. गणपती जवळ आले, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची तयारी सुरू झाली, ईद किंवा १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिवस) तोंडावर आला, की ठाण्यातून निरोप येतो. मंडळांना सूचना मिळतात, बैठक संपते. काय ठरले याचा कागद मात्र नागरिकांच्या हाती राहत नाही. ही माहिती आहे ती वेगळ्या समितीची: वर्षभर चालणाऱ्या, लेखी आदेशाने बनलेल्या आणि ठाण्याच्या रोजच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारणाऱ्या.

अशा समितीसाठी कोणताही छापील अर्ज ठाण्यात मिळत नाही. ती पोलिस आयुक्तांच्या किंवा जिल्हा पोलिस अधीक्षकांच्या प्रशासकीय आदेशाने बनते. त्यामुळे तिचा सगळा जोर त्या आदेशात काय लिहिले आहे यावर असतो. इन्स्पेक्टरने तोंडी ‘हो, करूया’ म्हटले आणि चार बैठका झाल्या, तरी त्याची बदली होताच समिती संपते. नवा अधिकारी विचारतो, आदेश कुठे आहे? म्हणून मागणी समितीची नव्हे, आदेशाची करायची. आदेशाचा मसुदाही आपणच लिहून सोबत जोडायचा.

अर्ज कुणाच्या नावे

आधी आपले ठाणे कुणाच्या अखत्यारीत आहे ते पाहा. बेळगाव शहराला २०१४ पासून पोलिस आयुक्तालय आहे. कॅम्प, खडेबाजार, मार्केट, शहापूर, टिळकवाडी, माळमारुती ही ठाणी तर त्यात आहेतच, पण काकती, मारिहाळ, हिरेबागेवाडी आणि बेळगाव ग्रामीण ही खेड्यांची ठाणीसुद्धा आयुक्तांकडे आहेत. इथले निवेदन ‘मा. पोलिस आयुक्त, बेळगाव शहर’ यांच्या नावे जाते. खानापूर, नंदगड, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, अथणी इथले निवेदन ‘मा. जिल्हा पोलिस अधीक्षक, बेळगाव’ यांच्या नावे, आणि त्याची प्रत आपल्या डीवायएसपींना (पोलिस उपअधीक्षकांना). आपले गाव तालुक्याचे म्हणून एसपी (जिल्हा पोलिस अधीक्षक) ऑफिसला अर्ज द्यायचा आणि तो आयुक्तालयाकडे वर्ग होण्यात महिना घालवायचा, हे टाळता येते.

दुसरी चूक सीमाभागातच होते. महाराष्ट्रातल्या मोहल्ला समित्यांचे किंवा तिथल्या तक्रार प्राधिकरणाचे नमुने मोबाइलवर सहज मिळतात, तेच भरून दिले जातात. भिवंडीच्या मोहल्ला समित्यांचा अनुभव वाचण्यासारखा जरूर आहे, पण अर्जात महाराष्ट्राच्या कायद्याचे कलम आले की इथला कारकून तो बाजूला ठेवतो. इथे संदर्भ द्यायचा तो कर्नाटक पोलिस कायदा १९६३ चा आणि देशभर लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा.

सदस्य कसे निवडावेत

पात्रतेच्या अटी कायद्यात दिलेल्या नाहीत. त्या आपण मसुद्यात लिहायच्या, आणि जितक्या स्पष्ट लिहाल तितका नकार देणे अवघड होते. एका ठाण्यासाठी १५ ते २१ सदस्य पुरतात. २५ च्या पुढे गेले की गणसंख्या (बैठकीला लागणारी किमान हजेरी) भरत नाही. सदस्य त्याच ठाण्याच्या हद्दीत राहणारा असावा, वय २१ च्या वर, किमान एकतृतीयांश महिला, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी, प्रत्येक मोठ्या गावातून किंवा वॉर्डातून एक तरी माणूस.

यादीत फक्त मराठी नावे असतील तर ती समिती पहिल्याच दिवशी ‘मराठीवाल्यांची’ ठरते आणि फाइल राजकीय म्हणून अडकते. कन्नड आणि उर्दू बोलणारे शेजारी सुरुवातीपासून सोबत घ्या. एफआयआरची प्रत मिळत नाही, रात्री ठाण्यात बाईमाणसाला ताटकळत बसवतात, हा त्रास भाषा पाहून होत नाही.

कोण नसावे हेही लिहा: सध्याचे लोकप्रतिनिधी आणि पक्षाचे पदाधिकारी, त्या ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांचे जवळचे नातेवाईक, त्या ठाण्याच्या खटल्यांत उभे राहणारे वकील, आणि ठाण्यात जाऊन ‘मिटवून देणारे’ मध्यस्थ. हा शेवटचा वर्ग सर्वांत उत्साहाने नाव देतो. तो आत शिरला की समितीचे ओळखपत्र दलालीचे साधन होते.

गुन्ह्यांचा प्रश्न इथे नाजूक आहे. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात गुन्हे नोंद झालेले अनेक जण गावोगाव आहेत. ‘कोणताही गुन्हा दाखल नसावा’ अशी सरसकट अट घातली तर चांगली माणसे बाहेर राहतात, आणि माहिती लपवून नाव दिले तर पडताळणीत सगळी यादी अडकते. अट ‘शिक्षा झालेली नसावी’ अशी ठेवा. प्रलंबित प्रकरणे असतील तर गुन्हा क्रमांक, ठाणे, न्यायालय आणि सध्याची स्थिती स्वयंघोषणेत लिहून द्या. रावडी शीट (पोलिसांनी गुंड म्हणून ठेवलेली नोंद) उघडलेली असेल तर तेही लिहा. त्या सदस्याला घ्यायचे की नाही हे मग आदेश काढणारा अधिकारी कारण लिहून ठरवेल.

जोडायचे कागद

निवेदन तीन प्रतींत, त्यासोबत सदस्यांची यादी (नाव, वय, पत्ता, व्यवसाय, मोबाइल, येणाऱ्या भाषा), प्रत्येकाचे सही केलेले संमतीपत्र, स्वयंघोषणा, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो. आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाका. या यादीच्या प्रती पुढे किती टेबलांवर फिरतील ते आपल्या हातात नसते. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपरची गरज नाही, फी नाही. नोंदणीकृत संस्थाही असावी लागत नाही. पुढे संस्था करायचीच असेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली किमान ७ सदस्य लागतात, पण सल्लागार समितीला त्याची सक्ती नाही.

खेड्यात ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला तर निवेदनाला वजन येते. त्यासाठी विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी लेखी पत्र द्या. ऐनवेळी मांडलेला विषय बऱ्याचदा चर्चेवरच संपतो आणि ठराव वहीत चढत नाही.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे आदेशाचा मसुदा. त्यात समितीची मुदत (दोन वर्षे ठीक), बैठकीचा ठरलेला दिवस (उदाहरणार्थ दर महिन्याचा पहिला शनिवार, सायंकाळी ५, दुसरा आणि चौथा शनिवार सरकारी सुटीचा असतो), गणसंख्या एकतृतीयांश, सदस्य-सचिव म्हणून ठाण्याचा प्रमुख अधिकारी, पदनामाने, नावाने नाही. दर तीन महिन्यांनी एसीपी (सहायक पोलिस आयुक्त) किंवा डीवायएसपींची हजेरी. आणि एक वाक्य न चुकता: ‘बैठकीचे इतिवृत्त सात दिवसांत तयार करून सदस्यांना द्यावे व सूचना फलकावर लावावे.’ कन्नडमध्ये इतिवृत्ताला ‘नडावळी’ म्हणतात, मसुद्यात तो शब्द वापरा. इतिवृत्ताचा तक्ता चार रकान्यांचा पुरे: विषय, कुणी करायचे, कधीपर्यंत, झाले का. पुढच्या बैठकीत सुरुवात चौथ्या रकान्यापासून करायची. त्यातच समितीची खरी ताकद आहे.

भाषा

तक्रार किंवा गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, असा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. म्हणून निवेदन मराठीत द्यायला काहीच हरकत नाही आणि ते नाकारता येत नाही. मात्र काम लवकर व्हावे अशी इच्छा असेल तर शेजारी कन्नड भाषांतर जोडा, विशेषतः आदेशाच्या मसुद्याचे, कारण टिपणी कन्नडमध्येच लिहिली जाते. मराठी म्हणून अर्ज परत केला तर परत करण्याचे कारण लेखी मागा. तो कागद जोडून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार करता येते.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा. त्या कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत लागतो. इथे तो कन्नड किंवा इंग्रजीत द्या. मराठीत दिलेला अर्ज परत आला की तीस दिवस वाया जातात आणि वाद घालायला मुद्दाही उरत नाही.

दाखल केल्यानंतर

निवेदन आवक विभागात द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घ्या. नुसत्या सहीला अर्थ नाही. ठाण्यात दिलेल्या अर्जावर शेरा मारून जे लेखी उत्तर देतात त्याला ‘हिंबरह’ म्हणतात, नकार असेल तर हिंबरह मागाच. तीस दिवसांनी आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकारात त्या अर्जावरच्या टिपणीची प्रत मागा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लांबलचक हकिगत लिहिलेले अर्ज याच कारणाने परत येतात. एसपींच्या अखत्यारीतल्या ठाण्यांसाठी पुढची पायरी म्हणजे बेळगावातलेच उत्तर परिक्षेत्राचे पोलिस महानिरीक्षक.

समिती आधीच कागदावर आहे का, हेही पाहून घ्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधील आठवा मुद्दा सांगतो की कार्यालयाने सल्ल्यासाठी नेमलेल्या दोन किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक समितीची माहिती स्वतःहून जाहीर करायची, तिच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहता येते का तेही सांगायचे. शांतता समितीही सल्ल्यासाठीच असते. तिची यादी आणि शेवटच्या तीन बैठकांचे इतिवृत्त मागितले की आपल्या नावाने कोण बसते ते कळते.

समितीने काय पाहायचे

सीसीटीव्हीपासून सुरुवात करा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केले: ये-जा करण्याची दारे, मुख्य फाटक, सर्व कोठड्या, व्हरांडे, इन्स्पेक्टर आणि सब-इन्स्पेक्टरची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेर, मागची बाजू. चित्रासोबत आवाज हवा, रात्री दिसायला हवे. रेकॉर्डिंग १८ महिने टिकवायचे, आणि तशी साठवण मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली यायचे नाही. बैठकीत प्रश्न विचारायचा तो ‘कॅमेरे चालू आहेत का’ असा नाही. त्याचे उत्तर ‘हो’ येते. पडद्यापाशी उभे राहून विचारा: सर्वांत जुने रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचे आहे? कोठडीसमोरच्या कॅमेऱ्याची वेळ आपल्या घड्याळाशी जुळते का? आवाज ऐकवा. घड्याळ पुढे-मागे असेल तर पुढे न्यायालयात त्या चित्रणावर शंका घेतली जाते. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

कॅमेरा बंद पडला तर जिल्हा देखरेख समितीला कळवणे ही ठाणेप्रमुखाची जबाबदारी आहे. त्या समितीत प्रादेशिक आयुक्त, जिल्हाधिकारी आणि एसपी यांच्यासोबत महापौर, ग्रामीण भागासाठी जिल्हा पंचायतीचे प्रमुख असतात. म्हणजे एक लोकप्रतिनिधी तिथे हक्काने बसतो. आपल्या इतिवृत्ताची प्रत त्याच्या हाती पोचवा. चित्रण तपासून न कळवलेले मानवी हक्कभंग शोधणे हेही त्या समितीचे काम आहे.

नंतरच्या बैठकांना हे विषय घ्या: एफआयआरची प्रत फुकट आणि लगेच मिळते का, हद्द आपली नाही म्हणून लोकांना परत पाठवतात का (शून्य एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली फिर्याद, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या घटनेचीही इथे नोंदवता येते), अटक केलेल्यांची नावे फलकावर लागतात का, महिलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावतात का (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ त्यांना घरीच विचारायला सांगते), तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवतात का.

समितीने काय करू नये

चालू तपासाची केस डायरी (तपास अधिकाऱ्याची रोजची नोंदवही) मागू नका, आरोपीची किंवा साक्षीदाराची चौकशी करू नका, तडजोड घडवू नका. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे किंवा अल्पवयीन मुलाचे नाव इतिवृत्तात आले तर सदस्यांवरच गुन्हा दाखल होऊ शकतो. प्रकरणाचा उल्लेख फक्त क्रमांकाने करा, आणि बैठकीतले काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

एखाद्या माणसावरचा अन्याय हा समितीचा विषय नाही, त्याची वाट वेगळी. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात तक्रार प्राधिकरणे सांगितली, आणि कर्नाटकाने पोलिस कायद्यात तशी दुरुस्ती केली. डीवायएसपी दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार जिल्हा प्राधिकरणाकडे, एसपी आणि वरच्यांविरुद्धची राज्य प्राधिकरणाकडे. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. ठाण्याने एफआयआर घेतलीच नाही तर संहितेच्या कलम १७३(४) खाली टपालाने एसपींना, आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांना कळवा, आणि तरी नाही घेतली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. टपालाची पावती फेकू नका, न्यायालय पहिल्यांदा तीच मागते.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या प्रकरणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे, १९९५ च्या नियम १७ प्रमाणे. ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे, आणि अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत अशासकीय सदस्य तिच्यात असतात. त्यांची नावे समाजकल्याण कार्यालयातून मिळवा, आणि त्यांपैकी कुणी आपल्या हद्दीत राहत असेल तर यादीत पहिले नाव त्यांचे घाला.