उत्तर आयर्लंड प्रोटोकॉल

युनायटेड किंग्डम (यूके) आणि युरोपीय संघ यांच्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरलेली व १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेली व्यापारविषयक व्यवस्था. ब्रेक्झिटच्या माघार कराराचा हा एक भाग आहे. या व्यवस्थेनुसार उत्तर आयर्लंड कायद्याने यूकेच्या सीमाशुल्क क्षेत्रात राहिले, पण तिथल्या मालाला युरोपीय संघाचे बरेचसे नियम लागू झाले. परिणामी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून आयरिश समुद्र ओलांडून तिथे जाणाऱ्या मालाची कागदपत्रे आणि तपासणी सुरू झाली. एकाच देशाच्या दोन भागांत अशी तपासणी हे कित्येकांना सहन होण्यासारखे नव्हते. २०२३ पासून ही व्यवस्था मोठ्या फेरबदलांसह ‘विंडसर चौकट’ या नावाने चालू आहे. वाद अर्ज, शिक्के आणि तपासणी नाक्यांचा दिसत असला, तरी जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर तो एकाच प्रश्नापाशी आला : सरकारने दिलेल्या शब्दावर विसंबायचे की नाही?

सीमेचा प्रश्न

आयर्लंड बेटाची फाळणी १९२१ मध्ये झाली. उत्तरेतील सहा काउंटी यूकेमध्ये राहिल्या, उरलेला भाग पुढे प्रजासत्ताक झाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तरेत तीस वर्षे हिंसाचार चालला आणि त्यात सुमारे ३,५०० माणसे मेली. १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर तो बहुतांशी थांबला. ब्रिटिश म्हणवून घ्यायचे, आयरिश म्हणवून घ्यायचे की दोन्ही, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे या कराराने मान्य केले. सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवरचे लष्करी मनोरे आणि चौक्या हळूहळू हटल्या. दोन्ही बाजू युरोपीय संघात असल्याने सीमाशुल्काचाही प्रश्न उरला नव्हता. आज गाडीने सीमा ओलांडताना वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागतात, तेव्हाच देश बदलल्याचे कळते. ही न दिसणारी सीमा त्या भागातल्या लोकांसाठी शांततेची खूण आहे. तिथे पुन्हा नाका उभा राहणे म्हणजे काय, हे केवळ व्यापाराच्या आकड्यांतून समजत नाही.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात यूकेने ५१.९ टक्क्यांनी संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ५५.८ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने पडली. त्यानंतर लंडनच्या सरकारने तीन आश्वासने दिली. यूके युरोपीय एकसंध बाजारपेठेतून आणि सीमाशुल्क संघातून पूर्ण बाहेर पडेल. आयर्लंडच्या भूसीमेवर तपासणी येणार नाही. आणि उत्तर आयर्लंड व ब्रिटन (म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स) यांच्यातही आडकाठी येणार नाही. यांपैकी कोणतीही दोन पाळता आली असती, तिन्ही नव्हे. नियम वेगळे झाले की मालाची तपासणी कुठेतरी होणारच. पुढच्या साऱ्या अविश्वासाचे बीज या तीन आश्वासनांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एकेक आश्वासन प्रामाणिक असू शकते. तिन्ही एकत्र देणे प्रामाणिक नव्हते.

मे यांचा पर्याय आणि त्याचा पाडाव

पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गमावले आणि उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीच्या (डीयूपी) दहा खासदारांच्या आधारावर सरकार चालवले. आयरिश समुद्रात सीमा आणणारा प्रस्ताव कोणताही ब्रिटिश पंतप्रधान कधीही मान्य करणार नाही, असे त्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितले. त्यांनी ठरवलेल्या ‘बॅकस्टॉप’ तरतुदीनुसार दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळे यूके संघाबरोबर एका सीमाशुल्क क्षेत्रात राहिले असते. हुजूर पक्षातील कट्टर ब्रेक्झिटवाद्यांना हा सापळा वाटला. १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी करार फेटाळला गेला. आणखी दोन प्रयत्न फसल्यावर मे पायउतार झाल्या.

जॉन्सन यांचा करार

मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन, समुद्रात सीमा आणणारी व्यवस्था हुजूर पक्षाचे कोणतेही सरकार मान्य करू शकत नाही आणि करूही नये, असे सांगितले होते. सभागृहाने त्यांना डोक्यावर घेतले. वर्षभराच्या आत, १० ऑक्टोबर २०१९ रोजी, लिव्हरपूलजवळच्या थॉर्नटन मॅनर येथे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांच्याशी झालेल्या भेटीत त्यांनी नेमक्या तशाच व्यवस्थेची वाट मोकळी केली. १७ ऑक्टोबरला करार जाहीर झाला. (वराडकर यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, घराण्याचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड. या वाटाघाटींनंतर काही आठवड्यांनी, डिसेंबर २०१९ च्या अखेरीस, ते पंतप्रधानपदावर असताना कुटुंबासह वराडला येऊन गेले.)

युनियनवाद्यांच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडने यूकेमध्येच राहावे असे मानणाऱ्यांच्या, मनात खोल बसलेली गोष्ट म्हणजे करार झाल्यानंतरची भाषा. नोव्हेंबर २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या व्यावसायिकांसमोर बोलताना जॉन्सन यांनी सांगितले की, ब्रिटनकडे माल पाठवताना कोणी अर्ज भरायला सांगितला, तर पंतप्रधानांना फोन करा; तो अर्ज कचऱ्याच्या डब्यात टाका असे मी सांगेन. तपासण्या होतील हे सरकारी कागदांतच लिहिलेले होते. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० जागांचे बहुमत मिळाले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी यूके संघातून बाहेर पडले. करारावर सही करणाऱ्याने त्यातला मजकूर आपल्याच लोकांना उलटा सांगितला, तर त्या कराराची अंमलबजावणी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि व्यापाऱ्याला पुढे त्याची किंमत मोजावी लागते. इथे तसेच झाले.

कायदा मोडण्याची कबुली

८ सप्टेंबर २०२० रोजी उत्तर आयर्लंडविषयक मंत्री ब्रँडन लुईस यांनी संसदेत सांगितले की, सरकारचे अंतर्गत बाजारपेठ विधेयक आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करते, पण ‘विशिष्ट आणि मर्यादित’ स्वरूपात. ज्या करारावर सही होऊन आठ महिनेही झाले नव्हते, त्यातील तरतुदी डावलण्याचा अधिकार मंत्र्यांना देणारे हे विधेयक होते. सरकारी विधी विभागाचे प्रमुख जोनाथन जोन्स यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. काही दिवसांत स्कॉटलंडविषयक विधी अधिकारी लॉर्ड कीन हेही गेले. हयात असलेल्या पाचही माजी पंतप्रधानांनी टीका केली. हुजूर पक्षाचे जॉन मेजर आणि मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर यांनी तर संयुक्त लेख लिहिला. संसद सार्वभौम आहे, त्यामुळे करारबाह्य कायदा करण्याचा तिला अधिकार आहे, अशी सरकारची बाजू महान्यायवादी सुएला ब्रेव्हरमन यांनी मांडली. त्यांच्या वडिलांचे घराणे गोव्याचे. एका बाजूला कोकणातल्या घरातले वराडकर, दुसऱ्या बाजूला गोव्यातल्या घरातल्या ब्रेव्हरमन, हा योगायोग मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये म्हणून इथे नोंदवला आहे; दोघांच्या भूमिका मात्र त्यांच्या त्यांच्या देशांच्या राजकारणातून आल्या.

अमेरिकेतूनही इशारा आला. शांतता करार ब्रेक्झिटचा बळी ठरला तर यूकेशी व्यापार करार होणार नाही, असे तेव्हाचे उमेदवार जो बायडन यांनी सांगितले. लॉर्ड्स सभागृहाने नोव्हेंबरमध्ये वादग्रस्त कलमे मोठ्या बहुमताने वगळली आणि डिसेंबरमध्ये सरकारने ती सोडून दिली. कलमे गेली, पण मंत्र्याचे ते वाक्य राहिले. 

चूक एकाच बाजूची नव्हती. २९ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसींच्या तुटवड्यावरून युरोपीय आयोगाने कलम १६, म्हणजे आणीबाणीत प्रोटोकॉल बाजूला ठेवण्याची तरतूद, वापरण्याची घोषणा केली. डब्लिनला विचारलेही नव्हते. काही तासांत निर्णय मागे घेतला गेला. पण आयर्लंडच्या सीमेविषयी आपल्याला किती कळकळ आहे हे चार वर्षे सांगणाऱ्या संघाने महिनाभरातच ते कलम हातात घेतले, हे युनियनवादी आजही विसरलेले नाहीत.

प्रत्यक्ष अंमलबजावणी

लार्न, बेलफास्ट आणि वॉरनपॉइंट या बंदरांवर तपासणी सुरू झाली. प्राणिजन्य पदार्थांना पशुवैद्यकीय प्रमाणपत्रे लागू लागली. ब्रिटनची माती चिकटलेली रोपे आणि बियाण्याचे बटाटे अडले. थंड ठेवलेला खिमा आणि कच्च्या मांसाचे तयार पदार्थ बाहेरच्या देशांतून संघात आणता येत नाहीत, त्यामुळे ब्रिटिश सॉसेजवर बंदीची वेळ आली आणि जून २०२१ मध्ये कॉर्नवॉलला भरलेल्या जी-७ परिषदेतही सॉसेजचा विषय निघाला. काही मालाला सवलतीचा काळ दिला होता; मार्च २०२१ मध्ये यूकेने तो संघाला न विचारता वाढवला आणि संघाने कायदेशीर कारवाई सुरू केली. एप्रिलमध्ये बेलफास्टच्या वस्त्यांत दंगली झाल्या, लॅनार्क वे येथे बस जाळली गेली. त्यामागे इतरही कारणे होती, पण फसवले गेल्याची भावना हे त्यांतले एक ठळक कारण.

या भावनेला न्यायालयातून आणखी धार आली. १८०० च्या एकीकरण कायद्यातील सहाव्या कलमाने दोन्ही बेटांवरच्या प्रजेला व्यापारात समान वागणूक दिली होती. युनियनवादी नेत्यांनी त्याच्या आधारे प्रोटोकॉलला आव्हान दिले. बेलफास्टच्या उच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी युक्तिवाद केला की, नव्या कायद्याने त्या कलमाचा काही भाग आपोआप रद्द झाला आहे. बाहेर मंत्री सांगत होते की एकीला धक्का लागलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आव्हान फेटाळले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जॉन्सन यांचे माजी सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी, नको असलेला भाग पुढे सोडून द्यायचा हाच बेत होता, असे जाहीरपणे लिहिले. तेव्हा उपपंतप्रधान असलेल्या वराडकर यांनी, हे खरे असेल तर या सरकारने वाईट हेतूने करार केला आणि जगाने हे लक्षात घ्यावे, अशा आशयाची प्रतिक्रिया दिली. नव्या देशांशी व्यापार करार करायला निघालेल्या सरकारसाठी यापेक्षा महाग पडणारा आरोप दुसरा नव्हता.

विधानसभा बंद, मग विंडसर

३ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्तर आयर्लंडच्या सरकारचे प्रथम मंत्री, डीयूपीचे पॉल गिव्हन यांनी प्रोटोकॉलच्या निषेधार्थ राजीनामा दिला. युनियनवादी आणि आयरिश राष्ट्रवादी या दोन्ही समाजांनी मिळूनच सरकार चालवायचे अशी रचना असल्याने स्टॉरमॉन्टचा, म्हणजे तिथल्या विधानसभेचा आणि सरकारचा, कारभार थांबला. मे महिन्यातील निवडणुकीत ९० पैकी २७ जागा जिंकून शिन फेन हा आयर्लंडचे एकीकरण मागणारा राष्ट्रवादी पक्ष प्रथमच सर्वांत मोठा ठरला; डीयूपीला २५ मिळाल्या. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांनी प्रोटोकॉलचे मोठे भाग एकतर्फी रद्द करणारे दुसरे विधेयक आणले. यावेळी ‘अपरिहार्यता’ हा कायदेशीर आधार सांगितला गेला. दवाखान्यांच्या रांगा वाढत असताना प्रांताला दोन वर्षे मंत्रिमंडळ नव्हते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान झालेल्या ऋषी सुनक यांनी सूर बदलला. तोडगा निघाला तो एका रूक्ष वाटणाऱ्या गोष्टीतून. जानेवारी २०२३ मध्ये यूकेच्या सीमाशुल्क नोंदी संघाच्या अधिकाऱ्यांना त्याच क्षणी पाहता याव्यात असे ठरले. शब्दावर विश्वास उरला नव्हता, तेव्हा नोंदी उघड्या करून तो थोडा थोडा परत मिळवण्यात आला. २७ फेब्रुवारीला सुनक आणि आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायेन यांनी विंडसर चौकट जाहीर केली. उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला ‘हिरवी मार्गिका’, पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालाला ‘लाल मार्गिका’ ठरली. नव्या युरोपीय नियमाला किमान दोन पक्षांचे ३० आमदार हरकत घेऊ शकतील असा ‘स्टॉरमॉन्ट ब्रेक’ आला. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ब्रेकच्या तरतुदीवर ५१५ विरुद्ध २९ असे मतदान झाले आणि ट्रस यांचे विधेयक मागे पडले.

पण सुनक यांनीही समुद्रातील सीमेची जाणीवसुद्धा आपण पुसून टाकली आहे, असे सांगितले. मांस आणि दुधाच्या वेष्टनांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ अशी चिठ्ठी दिसू लागल्यावर ग्राहकालाही तसे वाटणे कठीण होते. सीमा सौम्य झाली आहे, गेलेली नाही, एवढेच त्यांनी सांगितले असते तर ते खरे ठरले असते आणि टिकलेही असते.

जानेवारी २०२४ अखेर डीयूपीचे नेते जेफ्री डोनाल्डसन यांनी लंडनशी आणखी एक समझोता केला. ३ फेब्रुवारीला विधानसभा पुन्हा सुरू झाली आणि शिन फेनच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री झाल्या. आयरिश राष्ट्रवादी पक्षाकडे हे पद पहिल्यांदाच आले. १० डिसेंबर २०२४ रोजी व्यवस्था चालू ठेवावी का यावर विधानसभेने ४८ विरुद्ध ३६ मतांनी होकार दिला. युनियनवादी सदस्य एकजात विरोधात गेले. दोन्ही समाजांची संमती नसल्याने मुदत आठऐवजी चारच वर्षांची मिळाली. त्याच महिन्यात युनियनवादी आमदारांनी रसायनांच्या वेष्टनाविषयीच्या युरोपीय नियमावर स्टॉरमॉन्ट ब्रेक प्रथमच ओढून पाहिला; जानेवारी २०२५ मध्ये मंत्री हिलरी बेन यांनी अटी पूर्ण होत नाहीत म्हणून तो नाकारला. मे २०२५ मध्ये किअर स्टार्मर यांच्या सरकारने खाद्य आणि वनस्पतीविषयक नियमांवर संघाशी सर्वंकष करार करण्याचे तत्त्वतः मान्य केले. तो झाला तर लार्नच्या बंदरावरील खाद्यपदार्थांच्या बहुतेक तपासण्यांची गरज उरणार नाही. विधानसभेतील पुढचे मतदान २०२८ मध्ये अपेक्षित आहे.