रीफ टाकीचा केएच: खाण्याचा सोडा की धुण्याचा सोडा?

दोन्ही पांढऱ्या पुडी, दोन्हींच्या नावात सोडा आणि दोन्हींनी प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या (रीफ) टाकीचा केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, वाढतो. घोळ होतो तो इथेच. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. त्यातलं कॅल्शियम आपण कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीतून देतो आणि दुसऱ्या बाटलीत या दोनपैकी एक सोडा असतो. योग्य वजनात घेतले तर केएच दोघेही सारखाच वाढवतात, म्हणून कोणता सोडा घ्यायचा ते टाकीचा पीएच पाहून ठरवा.

आधी वजनाचं बघू, कारण खरं नुकसान तिथे होतं. टाकीत १०० लिटर पाणी असेल (दगड आणि वाळूची जागा वजा करून), तर केएच १ डीकेएचने (केएच मोजायचं एकक) वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. सोडा अॅश, म्हणजे पाणी नसलेला कोरडा धुण्याचा सोडा, १.९ ग्रॅम पुरतो. खाण्याच्या सोड्याचं माप धरून सोडा अॅश टाकला, तर १ च्या जागी जवळपास १.६ डीकेएच वाढतो. दिवसाला १ डीकेएचच्या वर वाढ करू नये, हा नियम तिथेच मोडतो. धुण्याच्या सोड्याचे काचेसारखे खडे मिळतात, त्यांचा हिशोब आणखी निराळा. त्यांच्या वजनात ६३ टक्के पाणीच असतं, म्हणून त्याच कामाला ५ ग्रॅमच्या वर लागतात. शिवाय उघडे राहिले की हे पाणी उडत जातं आणि आजचं वजन पुढच्या आठवड्यात खरं राहत नाही. टाकीसाठी खडे घेऊच नका.

सोडा अॅश विकत घेण्यापेक्षा घरी करणं बरं. कपड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सोड्यात कधी सुगंध तर कधी कपडे उजळवणारी द्रव्यं असतात. खाण्याचा सोडा मात्र खाण्यालायक शुद्धतेचा मिळतो. तो १५० अंश सेल्सिअसला तासभर भाजला, की त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. काचेच्या किंवा स्टीलच्या ताटात पातळ थर पसरा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. ओव्हन नसेल तर स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर हलवत राहा. गॅस सुटत असताना कोरडी पूडही पाण्यासारखी खळखळते, ती खळखळ पूर्ण थांबली की झालं. खात्रीसाठी वजन करा: १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम व्हायला हवेत.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा भाजला की बरोबर ५३ ग्रॅम उरतो, पण त्याची केएच वाढवण्याची ताकद तसूभरही कमी होत नाही. म्हणून वजन भाजण्याआधी करा आणि उरलेला सगळा सोडा पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण करा. न भाजलेले ८४ ग्रॅम असोत, पूर्ण भाजलेले असोत की अर्धवट, ३६ मिली द्रावण १०० लिटरमध्ये १ डीकेएचच वाढवेल. पाणी आरओचं घ्या.

फरक पडतो तो पीएचमध्ये. खाण्याच्या सोड्याचं द्रावण ८.३ च्या आसपास असतं, त्यामुळे टाकीचा पीएच फारसा हलत नाही, घातल्या घातल्या किंचित उतरतोही. सोडा अॅशचं द्रावण ११ च्या वर. त्याने एकदम १.४ डीकेएच वाढवला तर पीएच ०.३ च्या आसपास उसळतो. ही उसळी टिकत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरत जातो तसा पीएच परत खाली येतो. रोज थोडा थोडा दिला तर मात्र सरासरी वर राहते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये एसीमुळे खिडक्या बंद, घरात माणसं आणि गॅसची शेगडी. अशा घरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच ८ च्या खाली रेंगाळतो. तिथे भाजलेला सोडा, तोही रात्री, दिवे बंद असताना. चुन्याची निवळी देत असाल आणि पीएच ८.४ च्या पुढे जात असेल, तर न भाजलेला.

विद्राव्यतेतही भेद आहे. खाण्याचा सोडा २० अंशाला लिटरमध्ये ९६ ग्रॅमच विरघळतो, म्हणून ८४ ग्रॅमला बराच वेळ ढवळावं लागतं. घाईने पाणी उकळू नका; उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खाण्याचा सोडा वाटेतच धुण्याचा सोडा होऊ लागतो. भाजलेला सोडा (वजन भाजल्यानंतरचं) लिटरला १०६ ग्रॅमपर्यंत आरामात घ्या. १०६ ग्रॅमचं द्रावण दुप्पट तीव्र, म्हणजे मात्रा १८ मिली. डोळ्यांना आणि हातांना भाजलेला सोडा झोंबतो, चष्मा-हातमोजे घाला.

भाजलेल्या सोड्याचं द्रावण पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात, हळूहळू ओता. एकाच जागी ओतला तर पांढरा ढग उठतो. तो थोडा असेल तर विरतो, पण तिथेच कॅल्शियमही पडलं तर कॅल्शियम कार्बोनेट बनून पंपावर बसतं. दोन बाटल्यांमध्ये वेळ आणि जागा, दोन्हींचं अंतर ठेवा. प्रत्येक १ डीकेएचमागे कॅल्शियम सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति लिटर लागतं, म्हणजे १०० लिटरला डायहायड्रेट (पाणी धरून असलेलं) कॅल्शियम क्लोराइड २.६ ग्रॅम. दोन्हींमधून मागे मीठच उरतं, तेव्हा पाण्याचा खारटपणा हजारात ३५ भागांवर आहे ना, हे अधूनमधून तपासा.

बेकिंग पावडर यात कुठेच बसत नाही. त्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

बरणीवरची चिठ्ठी निघाली असेल तर १० ग्रॅम पूड तासभर १५० अंशाला ठेवा. १० च राहिले तर सोडा अॅश, ६.३ उरले तर खाण्याचा सोडा, ३.७ च्या आसपास उरले तर खड्यांचा चुरा.