एफपीजीए जागी व्हायला वेळ का लागतो?

वीज मिळाली की साधा मायक्रोकंट्रोलर आपल्या पोटातल्या फ्लॅशमधली (वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीतली) पहिली सूचना वाचून कामाला लागतो. बहुतेक एफपीजीए, म्हणजे आतले सर्किट हवे तसे ठरवता येणाऱ्या चिप, मात्र त्या क्षणी कोऱ्या असतात. आपण कोणते सर्किट व्हायचे, हे त्यांना शेजारच्या मेमरीतून वाचून घ्यावे लागते. त्या माहितीला बिटस्ट्रीम म्हणतात. ती पूर्ण आत येईपर्यंत चिपच्या पिना सहसा अधांतरी, म्हणजे कुठल्याच ठरलेल्या पातळीला नसलेल्या, असतात. मोटर चालवणाऱ्या बोर्डावर एवढ्या वेळात भलताच ट्रान्झिस्टर चालू झाला तर पंचाईत, म्हणून तिथे बाहेरून रेझिस्टर लावून पिना सुरक्षित पातळीला बांधून ठेवतात.

या अडचणीचे मूळ १९८५ सालच्या एका निवडीत आहे. रॉस फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट यांनी आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात झायलिंक्स कंपनी काढली होती. तिची पहिली एफपीजीए एक्ससी२०६४. तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक (सर्किट रचायचे छोटे ठोकळे) होते आणि त्यांची सगळी मांडणी एसरॅम नावाच्या मेमरीत साठवलेली असे. वीज गेली की एसरॅम सगळे विसरते. तरीही निवड शहाणपणाची होती. एसरॅमला खास कारखाना लागत नाही, बहुतेक चिप ज्या सीमॉस प्रक्रियेत बनतात त्याच नेहमीच्या प्रक्रियेत ती बनते. त्यामुळे ट्रान्झिस्टर लहान आणि स्वस्त होत गेले तसा त्याचा फायदा या चिपना सर्वांत आधी मिळाला.

दुसरी वाट होतीच. ॲक्टेल कंपनीने अँटीफ्यूज (प्रोग्राम करताना कायमची जुळणारी जोडणी) वापरून अशा चिप काढल्या, की एकदा प्रोग्राम केल्या की कायमच्या तशाच राहतात आणि वीज येताच चालू होतात. अवकाशयानांमध्ये त्या टिकून राहिल्या, कारण किरणोत्सर्गाने त्यांची जोडणी बदलत नाही. पुढे फ्लॅशवर आधारलेल्या चिपही आल्या. पण या दोन्हींना खास प्रक्रिया लागते, म्हणून आकाराच्या शर्यतीत एसरॅमवाल्यांना गाठणे त्यांना जमले नाही.

सुरुवातीला उशिराची कोणी फारशी फिकीर केली नाही. एक्ससी२०६४ची बिटस्ट्रीम सुमारे १२ हजार बिटांची. सेकंदाला १० लाख बिट धरले तरी काम १२ मिलिसेकंदांत उरकते. झायलिंक्सच्याच नंतरच्या व्हर्टेक्स-७ मालिकेतल्या २०००टी चिपला मात्र जवळपास ४४.७ कोटी बिट लागतात, म्हणजे सुमारे ३७ हजार पट. या मालिकेत चिपने स्वतःच फ्लॅश वाचायची असेल तर घड्याळाचा मूळ वेग ३ मेगाहर्ट्झ असतो. घड्याळाच्या दर ठोक्याला एकेक बिट करत गेलो तर ही चिप भरायला अडीच मिनिटे लागतील.

अर्थात असे कोणी करत नाही. घड्याळ वाढवतात, एका तारेऐवजी चार, आठ किंवा सोळा तारांनी वाचतात. त्याच पिढीतल्या लहान आर्टिक्स-७ १००टी चिपचे सुमारे ३ कोटी ६ लाख बिट मूळ वेगाने एका तारेवरून यायला १० सेकंद लागतात. चार तारा आणि ५० मेगाहर्ट्झ दिले की तेच काम १५३ मिलिसेकंदांवर येते. आकुंचनाचाही उपयोग होतो. चिपचा बराच भाग रिकामा असेल तर तोच तो मजकूर एकदाच पाठवून अनेक ठिकाणी लिहिता येतो. मात्र डिझाइन भरत गेले की हा फायदा आटतो, आणि ऐन शेवटच्या टप्प्यात बोर्ड पुन्हा हळू होतो.

खरी घाई आली ती बाहेरून. संगणकात कार्डे जोडण्याच्या पीसीआय एक्सप्रेस या पद्धतीच्या नियमानुसार वीज स्थिर झाल्यावर रीसेट (कार्डाला थांबवून ठेवणारा संकेत) किमान १०० मिलिसेकंद धरून ठेवायचा आणि तो सुटल्यावर २० मिलिसेकंदांत कार्डाने दुवा जुळवायला सुरुवात करायची. आता हिशेब मांडा: झायलिंक्सच्या ७ मालिकेत (व्हर्टेक्स-७, आर्टिक्स-७) वीज आल्यावर चिपला स्वतःला सावरायलाच १० ते ५० मिलिसेकंद लागू शकतात. उरलेल्यात १५३ बसवणार कसे? प्रयोगशाळेत ही गोष्ट लपून राहते. केबलने बिटस्ट्रीम भरली, वीज न तोडता संगणक रीस्टार्ट केला, कार्ड दिसले, सगळे खूश. बंद संगणक थेट चालू केला की कार्ड गायब.

इथे विचाराची दिशा बदलली. सगळी चिप लवकर भरण्याऐवजी आधी काय भरायचे, हा प्रश्न पुढे आला. झायलिंक्सची प्रतिस्पर्धी आल्टेरा हिने २८ नॅनोमीटर पिढीत आधी फक्त बाहेरच्या कडेचा भाग भरायचा आणि उरलेले सर्किट पीसीआय एक्सप्रेसवरूनच मागवायचे, अशी सोय दिली. झायलिंक्सची टँडम पद्धत याच धर्तीची. मोटारगाड्यांतही हाच पेच होता, कारण कॅन बसवरचा (गाडीतले भाग ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांवरचा) कंट्रोलर चालू झाल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांत संदेश ऐकायला हजर लागतो. २०११ मध्ये झायलिंक्सच्या स्पार्टन-६ चिपवर संशोधकांनी दाखवले, की आधी तातडीचा छोटा भाग भरून मग अंशतः पुनर्रचनेने बाकीचा आणता येतो. गंमत म्हणजे अंशतः पुनर्रचना ही चालू चिपमधला एखादा भाग बदलण्याची सोय. सुरू होण्याची घाई तिच्या मूळ हेतूत नव्हती. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत हुशार उपाय वाटतो, कारण त्यासाठी नवे सिलिकॉन लागले नाही.

लॅटिस या एफपीजीए कंपनीने मात्र हे चिपमध्येच उतरवले. २०१९ अखेरीस आलेल्या तिच्या क्रॉसलिंक-एनएक्समध्ये इनपुट-आउटपुट पिना ३ मिलिसेकंदांत तयार होतात आणि पूर्ण चिप १५ मिलिसेकंदांच्या आत.

झायलिंक्सच्या झिंकसारख्या चिपमध्ये एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच तुकड्यावर बसतात, आणि तिथे प्रोसेसर आधी उठतो. पहिला बूटलोडर (प्रोसेसर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) हवे तर एफपीजीए भरतो, नाहीतर ते काम लिनक्सवर सोडता येते. लिनक्सवर सोडले तर त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, उभा राहीपर्यंतचे सेकंदही पिनांच्या अधांतरी काळात मोजावे लागतात, म्हणून मोटरच्या बोर्डावर हे काम बूटलोडरकडेच ठेवलेले बरे.