स्पीकरखालचे कंपनरोधक पाय

घरगुती स्पीकरच्या तळाशी बसवायचे रबर, सॉरबोथेन (धक्के शोषणारा रबरासारखा मऊ पदार्थ), फोम किंवा स्प्रिंगचे लवचीक आधार. पेटीची थरथर जमिनीत, टेबलात किंवा फळीत उतरू नये, यासाठी ते वापरतात.

स्पीकरचा शंकू (पुढे-मागे हलून आवाज काढणारा पडदा) पुढे जाताना पेटीला तेवढ्याच बलाने मागे रेटा बसतो. हलणारा भाग २० ग्रॅमचा आणि पेटी २० किलोची असेल, तर शंकूच्या ५ मिलिमीटर हालचालीमागे मोकळी पेटी जेमतेम ५ मायक्रॉन हलते. पेटीपुरते हे नगण्यच. पण खाली पोकळ लाकडी जमीन किंवा पातळ प्लायवूड असेल, तर तो सगळा पृष्ठभाग स्वतःच वाजू लागतो आणि खर्ज गढूळ ऐकू येतो.

पाय आणि पेटी मिळून स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखी रचना तयार होते आणि तिला स्वतःची एक वारंवारिता, म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा डोलण्याचा वेग, असते. वजनाखाली पाय १ मिलिमीटर दबला तर ती साधारण १६ हर्ट्झ येते, ४ मिलिमीटर दबला तर ८. या वारंवारितेच्या सुमारे १.४ पटीच्या वरची कंपनेच अडतात. तिच्या आसपासची उलट वाढतात. बाजारातली चिकटवायची कडक रबरी बटणे ०.१ मिलिमीटरच दबली, तर हिशेब ५० हर्ट्झवर जातो, म्हणजे ७० हर्ट्झखाली उपयोग शून्य. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिची थरथर अडतच नाही. रबर स्थिर वजनापेक्षा कंपनांना जास्त कडक प्रतिसाद देते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा आणखी वर सरकतो. दुसऱ्या टोकाला, फार मऊ पायांवर उंच स्पीकर डुलतो.

म्हणूनच पाय वजन बघून घ्यावे लागतात. कॅनडातील आयसोअकूस्टिक्स कंपनीच्या ‘गाया’ मालिकेत चार पायांच्या संचाची मर्यादा मॉडेलनुसार ३२, ५४ आणि १०० किलो आहे. हे पाय स्पाइकच्या (स्पीकरखालच्या अणकुचीदार टोकाच्या) जागी आट्यांत फिरवून बसवतात. आटे एम-६ (६ मिलिमीटर व्यासाचे) आहेत की एम-८, हे आधी तपासावे. बसवल्यावर वर पाणसळ ठेवून पातळी जुळवायची.

स्पाइकचे काम नेमके उलटे. गालिचा भेदून खालच्या लाकडाला टेकणारे हे अणकुचीदार टोक पेटीला जमिनीशी घट्ट जोडते. लादीवर त्याखाली चकती ठेवली नाही तर ओरखडा ठरलेला.

फायदा सर्वांत जास्त दिसतो तो लाकडी जमिनींवर, टीव्ही युनिटवर आणि अभ्यासाच्या टेबलावर. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांवरही तो जाणवावा. आरसीसी स्लॅबवर मात्र महागडे पाय घेण्याचे फारसे कारण नाही. स्लॅब मुळातच जड आणि ताठ असतो. पाय बसवले की स्पीकर थोडा उंचावतो, कानाच्या तुलनेत ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) वर जातो आणि आवाज तेवढ्यानेही बदलतो. ‘आधी-नंतर’च्या गप्पांत हे सहसा कोणी सांगत नाही.

खोलीचे दोष पायांनी सुटत नाहीत. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास घुमणारा खर्ज तसाच राहतो. त्यावर स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून पाहणे हा फुकटचा उपाय. शेजाऱ्यांपर्यंत हवेतून जाणारा आवाजही अडत नाही, फक्त बांधकामातून जाणारा कमी होतो.

रेकॉर्ड प्लेअर स्पीकरच्याच फळीवर असेल, तर फरक सहज कळतो. फळीतून आलेली थरथर सुईपर्यंत पोहोचते, तीच पुन्हा स्पीकरमधून वाजते आणि आवाज वाढवत गेले की घूं-घूं सुरू होते. अशा वेळी प्लेअर भिंतीवर बसवलेल्या वेगळ्या फळीवर नेणे पायांपेक्षाही खात्रीचे.