गन हातात घेण्याआधीच बिघडलेला रंग

जुन्या ॲम्बॅसिडरचं मडगार्ड. गंज काढून पत्रा उघडा केला, प्रायमर झाला, लांबी (पुट्टी) भरून घासली, हात फिरवला तर कुठे अडकत नाही. आणि स्प्रे गनने रंगाचा शेवटचा हात मारला की ओल्या रंगात मिरीएवढे गोल खड्डे उमटतात, मधोमध खालचा प्रायमर दिसतो. पेंटर याला फिश आय म्हणतात. दोष डब्याला दिला जातो; डबा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

खड्डा पडतो तो पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसून धरणाऱ्या ओढीमुळे. पाण्याचा पृष्ठताण साधारण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, गाडीच्या रंगाचा 30 च्या आसपास आणि सिलिकॉन तेलाचा जेमतेम 21. पत्र्यावर सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा थेंब राहिला, की रंग त्यावर पसरत नाही, चहूबाजूंनी मागे ओढला जातो. हे सिलिकॉन येतं डॅशबोर्डच्या आणि टायरच्या पॉलिशमधून. शेजारच्या गाडीच्या टायरवर कुणी स्प्रे मारला तरी हवेतून इथवर पोचतं. डोक्याचं तेल लागलेला हातही पत्र्यावर तेलकट डाग सोडतो.

यात क्रम महत्त्वाचा. आधी डीग्रीजरने, म्हणजे तेल काढणाऱ्या द्रावकाने पुसायचं, मग घासायचं, मग पुन्हा पुसायचं. तेलावरच 80 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला तर तेल ओरखड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. पुसताना दोन फडकी हवीत: एक ओलं, दुसरं कोरडं आणि स्वच्छ, तेही पहिलं वाळायच्या आत. नाहीतर विरघळलेलं तेल द्रावक उडाल्यावर तिथल्या तिथे बसतं. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पेट्रोलचंही तेच, वर आगीची भीती.

उघडा पत्रा खरंच स्वच्छ झाला का, हे बघायला त्यावर आरओचं चार थेंब पाणी शिंपडा. सपाट पसरलं तर ठीक. मोत्यासारखं गोळा झालं तर तेल आहे, पुन्हा पुसा. पाणी लगेच टिपून गरम हवेने वाळवा. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर तासाभरात तांबूस झाक येते.

आरओचं म्हटलं ते उगाच नाही. मराठवाड्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्यात वॉटर पेपर बुडवून घासलं की वाळल्यावर क्षार पत्र्यावर राहतात. रंगाचा थर पाण्याची वाफ थोडीफार आत सोडतोच. आतले क्षार ती ओढून घेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड उठतात. गंज काढायच्या ॲसिडचा अंश राहिला तरी परिणाम हाच. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा, त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नका. घामातही मीठ असतंच.

लांबी उघड्या पत्र्यावर भरण्याऐवजी एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या आणि वाळल्यावर 180 ने घासून त्यावर लांबी लावा. पॉलिस्टर लांबी स्पंजासारखी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. 100 ग्रॅम लांबीला हार्डनर (ती घट्ट करणारी पेस्ट) साधारण 2 ग्रॅम, म्हणजे 2 टक्के. घाई आहे म्हणून जास्त ओतला की त्यातला उरलेला पेरॉक्साइड वर येऊन फिक्या रंगावर पिवळट डाग पाडतो.

आता हवामान. मे महिन्यात सावलीतही पारा 40 च्या वर जातो, उन्हात ठेवलेला पत्रा तर हात लावू देत नाही. अशा पत्र्यावर जाड हात मारला की वरची साय आधी धरते आणि आत अडकलेला थिनर ती फोडून बाहेर पडतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात ती हीच. थेंब पसरायच्या आत वाळले तर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. सकाळी लवकर, पत्रा थंड असताना काम उरका, उन्हाळी म्हणजे सावकाश उडणारा थिनर घ्या, गन 15 ते 20 सेंटीमीटरवर ठेवा आणि दोन हातांमध्ये 10 मिनिटं थांबा. डब्यावर वेळ वेगळी छापली असेल तर ती पाळा.

ऑगस्टमध्ये गणित उलटतं. हवा 28 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते, 24 अंशांवर येतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा, म्हणजे 27 च्या वर. रात्रभर थंड फरशीवर पडलेलं मडगार्ड सकाळी त्याहून थंड असतं; त्यावर न दिसणारं दव बसतं आणि प्रायमरची पकड जाते. शिवाय मिनिटाला 300 लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर अशा दिवसात तासाला पाव लिटर पाणी सहज साठवतो. टाकी रोज रिकामी करा. हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटवून बसवण्यात अर्थ नाही, तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेतच राहतं. मध्ये 25 फूट पाइप जाऊ द्या.

एवढं करूनही डोळे उमटलेच, तर त्यावर आणखी रंग ओतू नका, खड्डे रुंदावतात. वाळू द्या, 600 ने घासा, डीग्रीजरने पुसा आणि आधी कोरडा, धुक्यासारखा हात देऊन मग पुढचा मारा. फिश आयवरचं औषध म्हणून मिळणारी बाटली बहुतेकदा सिलिकॉनचीच असते. ती रंगात टाकली की पृष्ठताण सगळीकडे सारखा उतरतो आणि खड्डे मिटतात खरे, पण गन आणि शेजारी वाळत ठेवलेलं बॉनेट दोन्ही बाटतात. हार्डनरच्या रंगाला कापडी मास्क चालत नाही, हेही इथेच सांगतो; हार्डनरमधल्या विषारी आयसोसायनेटसाठी नळीने बाहेरची ताजी हवा देणारा मास्कच लागतो.

हाताला सुकलेला रंग आतून कच्चा असतो. मडगार्ड त्याच संध्याकाळी चढवलं तर बोल्टखाली रंग दबून तडकतो आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. निदान आठवडाभर थांबा, आणि बोल्टखाली नायलॉनचं वॉशर टाका.