चिठ्ठी खोटी, पीस खरं

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये शिरलं की मुलांचे पाय आपोआप देवमाशाच्या सांगाड्याकडे वळतात. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहत आलेला निळा देवमासा तो. मागच्या रविवारी भाचीनं विचारलं, "मामा, मेलाय ना तो? मग अजून ठेवलाय कशाला?" "बघायला," म्हणून मी वेळ मारून नेली. दांडिया बाजारात घरी पोचेपर्यंत ते उत्तर मलाच खटकत राहिलं. गेली चाळीस वर्षं शास्त्रज्ञ असे मेलेले प्राणी चक्क वाचताहेत.

सुरुवात क्वागापासून झाली. दक्षिण आफ्रिकेतला हा प्राणी पुढून झेब्र्यासारखा पट्टेरी, मागून तपकिरी. शेवटची मादी १८८३ मध्ये अॅमस्टरडॅमला मेली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅलन विल्सन यांच्या गटानं जर्मनीतल्या एका क्वागाच्या कातड्याला चिकटून राहिलेल्या वाळक्या स्नायूतून डीएनए काढला. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. हाती लागली त्यातली अवघी २२९ अक्षरं, पण क्वागा झेब्र्याच्याच घरातला, हे ठरवायला तेवढी पुरली.

हे वाचन म्हणजे कसरीनं खाल्लेलं मोडी दप्तर लावण्यासारखं आहे. (गायकवाडी दप्तर पाहिलेल्या बडोदेकराला यापेक्षा वेगळी उपमा सुचायची नाही.) जिवंत पेशी आपल्या डीएनएची डागडुजी सतत करत असते. प्राणी मेला की ती थांबते आणि लांबलचक धागा तुटत जातो. जुन्या नमुन्यात बहुतेक तुकडे शंभर अक्षरांच्याही आतले. मग आज जिवंत असलेल्या नातलगाचा पूर्ण डीएनए समोर ठेवून एकेक तुकडा जागेवर बसवायचा. शिवाय अक्षरंही बदलतात. तुकड्यांच्या टोकांशी 'सी' बिघडतो आणि यंत्र त्याला 'टी' वाचतं. गंमत अशी की हा बिघाडच उपयोगी पडतो. संशोधकाच्या हातावरून आलेल्या ताज्या डीएनएत तो नसतो, त्यामुळे जुनं कोणतं आणि भेसळ कोणती, हे ओळखता येतं.

पक्षी असेल तर तळपायाच्या गादीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. फॉर्मलिनच्या बरणीतल्या नमुन्यांपुढे मात्र भलेभले हात टेकतात. फॉर्मलिन मांस टिकवतं, पण डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं.

आपल्या जवळचं उदाहरण गीरच्या सिंहाचं. आशियातला सिंह वेगळा आणि आफ्रिकेतले सगळे सिंह एक, असंच आपण शाळेत शिकलो. उत्तर आफ्रिकेतला सिंह तर जंगलातून कधीच संपला, त्याला विचारणार कुठे? तो उरला होता संग्रहालयांतल्या कवट्या-कातड्यांत. त्यांतला डीएनए वाचल्यावर उलटंच निघालं: गीरच्या सिंहाचं नातं उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सिंहांशी जवळचं, दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतल्यांशी लांबचं. २०१७ मध्ये मार्जारतज्ज्ञांनी उपजातींची वाटणीच बदलली. आता गीरचा सिंह आणि पश्चिम आफ्रिकेतला सिंह एका उपजातीत आहेत.

पण नुसतं कातडं पुरत नाही. त्याला बांधलेली चिठ्ठी, कुठे, कधी, कोणी मिळवला हे सांगणारी, माझ्या मते निम्मा नमुना असते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत एक साप होता, चिठ्ठी कधीच गळून पडलेली. सर दरवर्षी त्याला वेगळं नाव द्यायचे.

चिठ्ठी खोटी असली तर त्याहून वाईट. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा (छोटं घुबड) होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, तापीकाठ, १९१४. म्हणजे आपल्याच गुजरातेतला. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना शंका आली. क्ष-किरणांत तो पक्षी उसवून पुन्हा शिवल्याचं दिसलं. मूळचा तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला. माइनर्टझहागेननं तो चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधली होती.

या शोधात डीएनए कुठेच नव्हता, पण धडा तिथेही लागू आहे. चुकीच्या गावाचा डीएनए कितीही नीट वाचला तरी नकाशा चुकणारच. रानपिंगळा शोधताना रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवलं आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांच्या मागे गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात, एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांत कोणाला न दिसलेला, आणि तोही भर दिवसा.