बदली ड्रायव्हरची जागा: मालट्रकवरच्या थकव्याची पार्श्वभूमी

मालट्रकच्या ड्रायव्हरने सलग पाच तास चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती घ्यावी, ही अट १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन १० आणि ५४. १९८८ च्या कायद्याने तेच तास मान्य केले. आकडे वाईट नव्हते. घोळ होता तो ‘कामाचे तास’ या शब्दांत.

१९६१ चा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन होईपर्यंत त्याच्या व्याख्येत मालकाच्या दिमतीला असलेला वेळ कामात येई. पण गाडी थांबलेली असताना ड्रायव्हर आपला वेळ हवा तसा घालवायला मोकळा असेल, तर ठरावीक मर्यादेपुढचा तो थांबा धावण्याच्या वेळेतून वगळला जाई. टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर कामात धरावा, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. मग चार तासांच्या रांगेचे काय? मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरच्या रांगा खाडीपलीकडे गेल्या. रांगेत ड्रायव्हर मोकळा नसतो. पुढची गाडी हलली की आपली हलवायची, नाहीतर नंबर गेला. ती झोप नव्हे आणि विश्रांतीही नव्हे, पण हिशेबात तिला कुणी कामही म्हणत नाही. जकात होती तोवर दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर हेच चाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती रांग संपली. शहरात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, ती मात्र राहिली. रात्रभर चालवून सकाळी वेशीवर पोहोचलेला माणूस दिवसा तापलेल्या केबिनमध्ये पडून राहतो आणि वेळ उघडली की पुन्हा स्टिअरिंग धरतो.

याच पार्श्वभूमीवर २०१८ चा निर्णय पाहायला हवा. तोपर्यंत नॅशनल परमिटच्या, म्हणजे अनेक राज्यांत माल नेण्याचा परवाना असलेल्या गाडीवर किमान दोन ड्रायव्हर सक्तीचे होते आणि बदली ड्रायव्हरला आडवे होऊन झोपता येईल अशी पूर्ण रुंदीची बैठक चालकामागे असावी, असे केंद्रीय नियमांत होते. त्या वर्षी दोन ड्रायव्हरांची सक्ती काढली गेली. वाहतूकदारांची बाजू अशी, की ड्रायव्हर मिळत नाहीत, भाड्यात दुसरा पगार बसत नाही, आणि दुसऱ्या जागेवर तसाही लायसन्स नसलेला क्लीनरच बसतो. शेवटचा मुद्दा खोटा नाही. पण नियम पाळला जात नाही म्हणून नियमच काढायचा, हे पटत नाही. क्लीनर असला तरी पहाटे तीनला बोलत राहणारे, डुलकी लागली तर हाक मारणारे माणूस केबिनमध्ये होते. त्याच वर्षी जुलैमध्ये दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. म्हणजे माल वाढला आणि माणूस कमी झाला. आता गाडी कुठे उभी आहे हे मालकाला फोनवर जीपीएसने दिसते. ती उभी असताना ड्रायव्हर झोपला की रांगेत जागत बसला, हे दिसत नाही.

दारूसाठी यंत्रात फुंकर मारायला लावता येते, झोपेसाठी तसे यंत्र नाक्यावर नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यातली मर्यादा ०.०३ आहे.

२०१८ नंतरचे बदल रस्त्यांचे आणि केबिनचे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याची चर्चा तेव्हापासून वाढली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चालवताना तिचा फायदा नक्कीच आहे. बहुतेक गाड्यांत मात्र इंजिन बंद झाले की एसीही बंद होतो, आणि डिझेल जाळून ड्रायव्हरला झोपू देणारे मालक थोडे. कळंबोलीला किंवा उरणच्या रस्त्याकडेला दुपारी उभ्या असलेल्या ट्रकांच्या काचा त्यामुळे उघड्याच राहणार.